मुसाशिनोचे राखलेले रान

टोकियोच्या वायव्येस, तामा आणि अराकावा या नद्यांच्या दरम्यान, मुसाशिनो नावाचे विस्तीर्ण पठार आहे. फुजी आणि हाकोने येथील ज्वालामुखींची राख हजारो वर्षे वाऱ्याबरोबर येऊन येथे साचत गेली आणि तिची तांबूस, भुसभुशीत माती झाली. या मातीत पाणी ठरत नसल्यामुळे भाताची खाचरे येथे होऊ शकली नाहीत. माणसाने कोरडवाहू शेती केली आणि त्या शेतीला पोसण्यासाठी शेताला लागून रान लावले. मी तेथे गेले ते गोल्फच्या निमित्ताने. जपानमध्ये गोल्फची मैदाने त्यांच्या जागेवरून ओळखली जातात. काही डोंगरउतारावरची, काही नदीपात्रातली, काही समुद्रकाठची आणि काही रानातली. यांपैकी रानातली मैदाने सायतामा प्रांताच्या या सपाट भागात, विशेषतः कावागोए आणि सायामा या शहरांच्या आसपास, इरुमा नदीच्या दोन्ही अंगांना, दाटीने आढळतात. जमीन जवळजवळ सपाट, आणि प्रत्येक होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडूच्या खळग्यापर्यंतचा पट्टा, पाइन, हिनोकी (जपानी सायप्रस), ओक यांच्या उंच रांगांनी शेजारच्या होलपासून वेगळा केलेला, असे त्यांचे स्वरूप असते.

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि गोल्फ मी चाळिशीनंतर पुण्यात शिकले, त्यामुळे या मैदानांवरच्या झाडांविषयी मला खेळाइतकेच कुतूहल होते. माझा मावसभाऊ बऱ्याच वर्षांपासून टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. त्याचे एक निवृत्त वरिष्ठ सहकारी सायामाकडच्या एका जुन्या क्लबाचे सदस्य असून, जानेवारीच्या मध्यावर त्यांनी आम्हा दोघांना पाहुणे म्हणून बोलावले. क्लब खासगी आहे आणि आमचे यजमान संकोची स्वभावाचे आहेत, म्हणून दोघांचीही नावे येथे देत नाही. ऐन थंडीत का जायचे, असे मी भावाला विचारले होते. पाने गळून गेल्यावर रानाची बांधणी दिसते, असे यजमानांनी कळवले, आणि ते कारण मला पूर्णपणे पटले.

शनिवार, कावागोए

आम्ही घरून निघण्यापूर्वीच, मी वापरणार होते तो वहिनींचा गोल्फ संच क्लबाकडे रवाना झाला होता. जपानमध्ये गोल्फची बॅग घेऊन रेल्वेने प्रवास करण्याची सहसा वेळच येत नाही. जवळच्या दुकानात बॅग दिली, चिठ्ठीवर क्लबाचे नाव आणि खेळण्याची तारीख लिहिली, की कुरिअर कंपनी ती आदल्या दिवशीपर्यंत मैदानावर पोहोचवते आणि खेळ संपल्यावर तशीच घरी आणून देते. या एका सोयीमुळे मोटार नसलेल्या माणसालाही गावाकडच्या मैदानांवर जाणे शक्य होते. इकेबुकुरोहून तोबू तोजो मार्गाच्या जलद गाडीने अर्ध्या तासात कावागोए आले.

कावागोए हे जुने किल्ल्याचे गाव. 1893 मध्ये लागलेल्या मोठ्या आगीत गावाचा बराचसा भाग जळाला, आणि त्या आगीत टिकून राहिलेली 1792 सालची ओसावा घराण्याची जाड मातीच्या भिंतींची इमारत पाहून व्यापाऱ्यांनी आपली नवी दुकाने त्याच पद्धतीने बांधली. आज पर्यटक ज्या काळ्या भिंतींच्या पेठेत गर्दी करतात ती पेठ अशी उभी राहिली. घंटेचा लाकडी मनोराही आगीनंतर, 1894 मध्ये, पुन्हा उभारलेला आहे. मला मात्र या पेठेपेक्षा तिच्यामागचा व्यापार अधिक महत्त्वाचा वाटला. शिनगाशी नदीतून येथून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, नावा जात, आणि त्यांत धान्याबरोबर सरपण, कोळसा आणि रताळी असत. एदोतल्या लाखो चुलींना लागणाऱ्या सरपणातला मोठा वाटा मुसाशिनोच्या रानातून जात होता. म्हणजे ते रान एका महानगराच्या गरजेवर वाढले आणि त्याच गरजेने सतत तोडलेही गेले.

रताळी आजही कावागोएची ओळख आहेत. भाजलेली, उकडलेली, पातळ चकत्या करून तळलेली, आइस्क्रीममध्ये घातलेली अशी ती पेठेत सर्वत्र मिळतात. आम्ही भाजलेली घेतली. संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळला, कोरडा वारा सुटला आणि पेठ लवकर रिकामी झाली.

रविवार, सांतोमे

सकाळी यजमान मोटार घेऊन आले आणि आम्हाला सांतोमे या भागात घेऊन गेले. मैदान पाहण्याआधी हे पाहणे आवश्यक आहे, असा त्यांचा आग्रह होता. कावागोएचा सरदार यानागिसावा योशियासु याच्या आदेशाने 1694 मध्ये येथे पडीक माळ लागवडीखाली आणण्यास सुरुवात झाली आणि 1696 पर्यंत तीन नवी गावे वसली. त्यांतले कामितोमे आज मियोशी नगरात आहे, तर नाकातोमी आणि शिमोतोमी टोकोरोझावा शहरात मोडतात. आखणी अशी, की सरळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्रत्येक कुटुंबाला सुमारे 72 मीटर रुंद आणि 675 मीटर लांब अशी चिंचोळी पट्टी, म्हणजे साधारण पाच हेक्टर जमीन मिळाली. पट्टीच्या रस्त्याकडील टोकाला घर आणि घराभोवती बांबू आणि केयाकीची झाडे, मध्ये शेत, आणि पलीकडच्या टोकाला रान. केयाकी हा आपल्या वावळ्याच्या नात्यातला वृक्ष आहे. पानगळीनंतर त्याच्या बारीक फांद्यांचा पंखा आकाशावर उठून दिसतो.

तीन शतकांपूर्वीची ही आखणी अजून वापरात आहे. मागच्या रानात मुख्यतः कोनारा आणि कुनुगी हे दोन पानझडी ओक आहेत, मधूनमधून तांबड्या सालीचा पाइन आहे. पूर्वी दर पंधरा-वीस वर्षांनी ओक जमिनीलगत तोडत, लाकडाचे सरपण आणि कोळसा होई, आणि बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी दोन-तीन राखून त्यांचे पुन्हा झाड केले जाई. म्हणून जुन्या ओकांचे बुंधे तळाशी जाड, आणि त्यांतून दोन-तीन खोडे एकत्र वर गेलेली दिसतात. हिवाळ्यात खाली पडलेली पाने गोळा करून त्यांचे खत होते. राखेच्या या मातीत स्वतःची सुपीकता फारशी नाही; पानांच्या खतावाचून येथे तीनशे वर्षे पीक निघाले नसते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2023 मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

आम्ही गेलो तेव्हा एका शेतकऱ्याच्या रानात पाने गोळा करण्याचे काम चालू होते आणि शहरातून आलेले स्वयंसेवक त्याला हातभार लावत होते. बांबूच्या दाताळ्यांनी पाने ओढून ढीग करायचे, ती माणसाच्या छातीएवढ्या उंच बांबूच्या टोपलीत भरायची आणि आत उतरून पायांनी दाबायची, म्हणजे एका टोपलीत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पाने मावतात. पहाटेच्या गारठ्याने जमिनीत बर्फाच्या उभ्या सुया तयार झाल्या होत्या आणि पायाखाली त्या करकरत होत्या. या मातीत ओल खालून वर चढून गोठते, त्यामुळे हे दृश्य येथे दर हिवाळ्यात दिसते. शेतकऱ्याने सांगितले, की पानांचा ढीग उलथापालथ करत वर्षभर, कधी दोन वर्षे कुजवावा लागतो. पूर्वी याच पानांच्या कुजण्यातून निघणाऱ्या उबेवर वसंत ऋतूच्या सुरुवातीला रताळ्याची रोपे तयार करत. कोकणात भाताच्या रोपांसाठी रानातला पालापाचोळा आणून राब भाजतात, ते मला आठवले. तेथे पाला जाळला जातो आणि येथे कुजवला जातो, पण दोन्हीकडे शेत रानावर जगते.

पुढे यजमानांनी रस्त्यापलीकडचे दुसरे रान दाखवले. तेथे कित्येक वर्षांत कोणी पाने उचलली नव्हती. बुटक्या बांबूची दाट जाळी कमरेपर्यंत वाढली होती, तिच्यामधून चालणेही कठीण होते, आणि मोठ्या ओकांच्या बुंध्यांशी लाकडाचा बारीक भुसा साचला होता. हा ओकांच्या मरीचा रोग. एक लहानसा भुंगेरा खोडात भोके पाडून आपल्याबरोबर बुरशी आत नेतो, बुरशीमुळे पाणी वर चढणे थांबते आणि ऐन उन्हाळ्यात झाड वाळून जाते. हा भुंगेरा जाड, वयस्क खोडे पसंत करतो. पंधरा-वीस वर्षांनी तोडल्या जाणाऱ्या रानात तशी खोडे फारशी नसत. गॅस आणि रॉकेल आल्यावर सरपण कोणाला नकोसे झाले, तोड थांबली, झाडे म्हातारी झाली आणि रोगाला मोकळे रान मिळाले. झाड तोडले नाही म्हणून रान मरते, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगणे मला नेहमी अवघड गेले होते. येथे ते रस्त्याच्या दोन बाजूंना उघड दिसत होते.

सोमवार, कासाहाता

या भागातील पुष्कळ जुने क्लब सोमवारी बंद असतात, त्यामुळे खेळ मंगळवारी ठरला होता. सोमवारी भाऊ आणि मी जेआर कावागोए मार्गाच्या एकेरी रुळावरून कासाहाता स्थानकापर्यंत गेलो. या गाडीचे दरवाजे प्रवाशाने बटण दाबल्यावरच उघडतात, जेणेकरून हिवाळ्यात डब्यातली ऊब टिकावी. स्थानकापासून काही अंतरावर कासुमिगासेकी कंट्री क्लब आहे. 2020 चे, पण प्रत्यक्षात 2021 मध्ये झालेले ऑलिंपिक गोल्फ येथे खेळले गेले. सदस्याच्या सोबतीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून आम्ही बाहेरच्या रस्त्याने कुंपणाच्या कडेकडेने चाललो. बाहेरून दिसते ती झाडांची उंच भिंत, आणि तेवढ्यासाठीही मी पुन्हा गेले असते.

जपानमधले पहिले गोल्फ मैदान कोबेजवळच्या रोक्को डोंगरावर आर्थर ग्रूम या इंग्रज व्यापाऱ्याने 1901 मध्ये चार होलचे म्हणून सुरू केले आणि 1903 मध्ये तेथे क्लब स्थापन झाला. तो परदेशी व्यापाऱ्यांचा खेळ होता. जपानी लोकांनी स्वतःसाठी उभारलेला टोकियो गोल्फ क्लब 1913 चा. त्याचे मैदान आधी कोमाझावाला, मग आसाकाला आणि 1940 पासून येथून जवळच सायामाला आहे. कासुमिगासेकीचे पूर्वेकडील मैदान किन्या फुजिता यांनी आखले आणि ते 1929 मध्ये खुले झाले. पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये चार्ल्स ॲलिसन हा इंग्रज आखणीकार जपानला आला, त्याने काही महिन्यांच्या मुक्कामात अनेक मैदाने पाहिली आणि कासुमिगासेकीसाठी जे बदल सुचवले त्यांत माणूस आत उभा राहिला तर दिसेनासा व्हावा असे खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, होते. अशा बंकरना जपानमध्ये आजही ॲलिसनचेच नाव आहे. त्याच्या कामाने प्रभावित झालेले सेइइची इनोऊए यांनी 1932 च्या पश्चिम मैदानाच्या कामापासून सुरुवात केली आणि पुढे ते देशातील सर्वांत नामांकित आखणीकारांपैकी एक झाले.

1957 मध्ये येथेच कॅनडा कप ही जागतिक सांघिक स्पर्धा झाली. तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो या जपानी जोडीने सॅम स्नीड आणि जिमी डिमॅरेट यांच्या अमेरिकी जोडीला नऊ फटक्यांनी मागे टाकले, आणि नाकामुरा वैयक्तिक विजेताही ठरला. त्या विजयानंतर देशभर गोल्फची लाट आली. या लाटेबद्दल मला जे वाटते ते स्पष्ट लिहिले पाहिजे. पुढच्या तीन-चार दशकांत, आणि विशेषतः विश्रामस्थळांच्या उभारणीला सवलती देणाऱ्या 1987 च्या कायद्यानंतर, जपानमध्ये डोंगरच्या डोंगर सपाट करून मैदाने झाली, सदस्यत्वाचे कागद शेअरप्रमाणे विकले गेले, आणि मैदानांवरून ओढ्यांत उतरणाऱ्या तणनाशकांचा प्रश्न इतका गंभीर झाला की 1990 मध्ये सरकारला त्यासाठी मार्गदर्शक मर्यादा घालून द्याव्या लागल्या. गोल्फ मैदानामुळे रान वाचते, असे सरसकट म्हणणे खोटे आहे. सायतामाच्या सपाटीवर मात्र युद्धानंतर टोकियो ज्या वेगाने पसरले, त्यात शेतांमागची राने घरे, गोदामे आणि रस्ते यांखाली गेली, आणि सलग उंच झाडे जेथे शिल्लक राहिली त्यांत ही जुनी मैदाने आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच खेळाच्या आहेत.

ऑलिंपिकपूर्वी टॉम फाझिओ आणि त्यांचे पुत्र लोगन फाझिओ यांनी पूर्व मैदानाची पुनर्रचना केली आणि प्रत्येक होलवरील दोन ग्रीनऐवजी (ग्रीन म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) एक मोठे ग्रीन केले. 2017 पर्यंत या क्लबात स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मिळत नव्हते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या दबावानंतर त्या वर्षी नियम बदलला. त्यानंतर चार वर्षांनी, 7 ऑगस्ट 2021 रोजी, याच मैदानावर बंगळूरूची आदिती अशोक शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. जागतिक क्रमवारीत 200 वे स्थान, कॅडी म्हणून, म्हणजे काठ्यांची पिशवी सांभाळायला, आई सोबत, मधेच वादळी पावसाने थांबलेला खेळ, आणि अखेर ‘पंधरा खाली’, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा पंधरा कमी, असा हिशेब. सोळा खाली असलेल्या मोने इनामी आणि लिडिया को यांना रौप्य आणि कांस्य मिळाले, तर सतरा खाली खेळलेल्या नेली कोर्डाला सुवर्ण. एका फटक्याने पदक गेले. पुरुषांच्या स्पर्धेत अनिर्बान लाहिरीबरोबर पुण्याचा उदयन माने याच मैदानावर खेळला होता. त्या शनिवारी पहाटेपासून मी टीव्हीसमोर बसले होते. भारतात गोल्फ न पाहणाऱ्या माणसांनीही त्या दिवशी तो पाहिला, आणि कुंपणाबाहेर उभी राहून झाडांच्या शेंड्यांकडे बघताना मला आदितीचा फार अभिमान वाटला.

मंगळवार, सायामाकडचे मैदान

सकाळी स्थानकाबाहेरून क्लबाची बस मिळाली. प्रवेशद्वाराशी आदल्या दिवशी पोहोचलेल्या बॅगा नावाच्या पट्ट्यांसह ओळीने उभ्या होत्या. जुन्या क्लबांत येताना आणि जाताना कोट घालणे अपेक्षित असते आणि जीन्स चालत नाही. स्वागतकक्षात सही करून लॉकरची किल्ली घ्यायची, कपडे बदलायचे, आणि मग खेळाकडे वळायचे. कॅडी म्हणून आम्हाला पन्नाशी उलटलेल्या एक बाई मिळाल्या. मानेपर्यंत झाकणारी टोपी, कमरेला वाळूमिश्रित मातीची पिशवी, आणि तिघांच्याही काठ्यांची आठवण पहिल्या तीन होलमध्येच पक्की. फटक्याने गवताचा तुकडा उडाला की त्या लगेच पिशवीतली माती त्या खळग्यात भरत आणि पायाने दाबत.

ग्रीनवर रात्री घातलेली आच्छादने नुकतीच काढलेली होती. पहिल्या फटक्यासाठी चेंडू ज्यावर ठेवतात तो टी-खिळा गोठलेल्या जमिनीत शिरत नाही, म्हणून कॅडीबाईंनी लोखंडी टोच्याने आधी भोक पाडून दिले. पहिल्या होलवर यजमानांचा उंच फटका थेट ग्रीनवर पडला आणि दगडावर आपटावा तसा उसळून मागे गेला. सकाळच्या पहिल्या तासात चेंडू ग्रीनच्या बराच अलीकडे टाकून घरंगळत न्यावा लागतो, हे कॅडीबाईंनी समजावले. दहा वाजेपर्यंत ऊन वर आले आणि ग्रीन मऊ झाले. नैर्ऋत्येला, झाडांच्या मधल्या एका फटीतून, बर्फाने झाकलेला फुजी दिसत होता. मधूनमधून इरुमाच्या हवाई दलाच्या तळावरून उठलेली मालवाहू विमाने डोक्यावरून जात.

फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, जपानी झॉयसिया गवत आहे. ते उन्हाळ्यात हिरवे आणि हिवाळ्यात पूर्ण फिकट सोनेरी असते. हे गवत मेलेले नसून झोपलेले असते आणि चेंडूला छान उचलून धरते. ग्रीन मात्र बेंट गवताचे, थंडीतही हिरवे. या क्लबात प्रत्येक होलला दोन ग्रीन ठेवण्याची जुनी पद्धत अजून आहे. टोकियोभोवतीच्या कांतो भागाच्या दमट उन्हाळ्यात बेंट गवत तग धरत नाही, असा पूर्वीचा अनुभव असल्यामुळे उन्हाळ्यासाठी कोराई गवताचे आणि हिवाळ्यासाठी बेंटचे अशी दोन ग्रीन बांधली जात. उष्णता सोसणारी वाणे आल्यावर अनेक क्लबांनी एकच ग्रीन ठेवले. मोठ्या स्पर्धांसाठी ते योग्यच असेल. पण दोन ग्रीनमुळे प्रत्येक होल वर्षातून दोनदा वेगळे होते, झाडांच्या संदर्भात निशाणाची दिशा बदलते, आणि तेवढ्याच जमिनीत खेळाला दुसरा चेहरा मिळतो. हे मोडून टाकण्याची घाई या क्लबाने केली नाही, याचे मला समाधान वाटले.

आता झाडांविषयी. रानातल्या मैदानावर पाण्याचे अडथळे आणि चढउतार कमी असतात. खेळ ठरवतात ती खोडे. पहिल्या रांगेतले पाइन पंचवीस मीटरच्या आसपास उंच, फांद्या फक्त वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, आणि खाली मोकळी, झाडून काढलेली जमीन. झुडुपे नसल्यामुळे चेंडू क्वचितच हरवतो, सुयांच्या गालिच्यावर स्वच्छ पडलेला सापडतो, आणि मग प्रश्न एवढाच उरतो, की दोन खोडांमधून पुढे जाण्याचा मोह धरायचा की आडवा फटका मारून फेअरवेवर परत यायचे. माझ्या भावाने सहाव्या होलवर मोह धरला, चेंडू खोडावर आपटून त्याच्या मागे गेला, आणि कॅडीबाईंनी गंभीरपणे त्याच्या हातात लहान काठी ठेवली. यजमान प्रत्येक वेळी आडवे खेळले आणि आम्हा दोघांपेक्षा पुष्कळ कमी फटक्यांत परतले.

आठव्या होलच्या टीजवळ, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेजवळ, पाइनच्या खोडांत लहान प्लॅस्टिकच्या बाटल्या खोचलेल्या दिसल्या. हे पाइनच्या मरीवरचे औषध. मूळ उत्तर अमेरिकेतला एक सूक्ष्म सूत्रकृमी लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या अंगावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि काही आठवड्यांत पूर्ण वाढलेला पाइन लाल होऊन मरतो. जपानमध्ये या मरीची पहिली नोंद 1905 मध्ये नागासाकीची आहे. खरे कारण सूत्रकृमी आहे हे मात्र 1971 मध्ये सिद्ध झाले. झाड सुप्तावस्थेत असताना हिवाळ्यात खोडात औषध सोडले की ते काही वर्षे संरक्षण देते, पण खर्च मोठा असल्यामुळे क्लबाला झाडांची निवड करावी लागते. कोणत्या पाइनवाचून होलचा अर्थ बदलेल, ते आधी. बाकीच्यांच्या जागी हिनोकी किंवा ओक. शेजारच्या खोडांना गवताच्या पेंढ्याचे पट्टे बांधलेले होते, अळ्या थंडीत त्यात आसऱ्याला याव्यात आणि मार्चमध्ये पट्ट्यासह जाळल्या जाव्यात म्हणून. या जुन्या उपायात उपयुक्त कीटकच अधिक सापडतात असे आढळल्यावर काही बागांनी तो सोडला आहे, आणि मलाही तो सोडावा असे वाटते.

रविवारी पाहिलेल्या सांतोमेच्या रानाशी याचा थेट संबंध आहे. तांबडा पाइन हा निकस जमिनीचा वृक्ष. माणूस पाने उचलत राहिला म्हणून जमीन निकस राहिली, आणि मुळांशी राहणाऱ्या उपकारक बुरशीच्या साहाय्याने पाइन तेथे इतर झाडांवर मात करत आला. पाने उचलणे थांबले, की माती सुपीक होते, रुंद पानांची झाडे वर येतात आणि पाइन मागे पडतो. मैदानावर मात्र पाने रोज उचलली जातात, कारण चेंडू सापडला पाहिजे. शेतकऱ्याने खतासाठी जे केले तेच काम येथे खेळासाठी होते, आणि म्हणून शेतांमागे विरळ झालेला पाइन येथे अजून उभा आहे. येथली ओकची पाने एक शेतकरी ट्रक घेऊन येऊन नेतो. पाइनच्या सुया लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या त्याला नको असतात.

नऊ होल झाल्यावर जेवणाची सुटी असते; जपानी गोल्फमध्ये ती जवळजवळ सर्वत्र पाळली जाते. मी सोबा, म्हणजे बकव्हीटच्या शेवया, खाल्ला, भावाने कटलेट-करी घेतली. दुपारी झाडांच्या सावल्या फेअरवेवर आडव्या पडू लागल्या. अकराव्या होलजवळच्या लहान चहागृहात गरम आमाझाके, म्हणजे तांदळाचे गोड पेय, मिळाले. चहागृहामागे रामगंगेसारखे लहान पक्षी आणि करड्या रंगाचे मोठे बुलबुल होते, आणि एका कावळ्याने शेजारच्या गटाच्या गाडीतून बिस्किटांचा पुडा उचलून नेला. कॅडीबाईंनी आमच्या पिशव्यांची झाकणे त्याआधीच लावून ठेवली होती.

चौदाव्या होलच्या डाव्या बाजूला कोनाराची एक रांग आहे. युद्धानंतर ती कधी तोडली गेली नाही, त्यामुळे खोडे जाड आहेत, आणि दोन झाडांच्या तळाशी मी रविवारी पाहिला तसाच भुसा होता. येत्या काही आठवड्यांत, म्हणजे भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वी, ही सगळी रांग तोडावी असे मैदानाची देखभाल पाहणाऱ्या हरितसमितीने सुचवले आहे. सदस्यांत यावरून मोठा मतभेद आहे. एवढी झाडे गेली तर होल उघडे पडेल, पंधराव्या होलचे चेंडू इकडे येतील, आणि आपण ज्या झाडांखाली खेळत म्हातारे झालो ती झाडे जातील, असे विरोधकांचे म्हणणे. यजमान समितीवर आहेत आणि तोडण्याच्या बाजूचे आहेत. इतक्या वयाच्या कोनाराला तोडल्यावर बुंध्यातून धुमारे फुटतीलच असे नाही, याची त्यांना कल्पना आहे. म्हणून क्लबाच्या रोपवाटिकेत याच झाडांच्या फळांपासून रोपे तयार करून ठेवलेली आहेत.

अठरावे होल संपल्यावर गरम पाण्याच्या मोठ्या हौदात स्नान झाले आणि मग हिशेब. बिलात खेळाचे शुल्क, कॅडीचे शुल्क आणि जेवण यांखाली गोल्फ मैदान वापराचा कर वेगळा दाखवलेला असतो. हा प्रांताचा कर मैदानाच्या दर्जाप्रमाणे माणशी जास्तीत जास्त 1,200 येन असतो आणि त्यातला सत्तर टक्के भाग मैदान ज्या नगराच्या हद्दीत आहे त्याला मिळतो. सत्तरी ओलांडलेल्यांना तो माफ असल्यामुळे यजमानांच्या बिलात तो नव्हता. तो पैसा रान राखण्याच्या कामाला थेट जोडला जावा, असे मी त्यांना म्हणाले. नगरपालिकेला शाळा आणि रस्ते आधी दिसतात, असे त्यांनी उत्तर दिले. चौदाव्या होलवरील ओकांबाबत त्यांनी शेवटी माझे मत विचारले. सांतोमेला जाऊन आले नसते तर मी विरोधकांच्या बाजूने बोलले असते. ती तोडावीत, आणि तीही सगळी एकाच वेळी न तोडता तीन हिवाळ्यांत विभागून, म्हणजे पहिल्या रोपांना आडोसा राहील, असे मी त्यांना सांगितले.